हॉटेलबाहेर टेबलं मांडायचीत? आधी हा क्रम पाळा : नाशिकच्या हॉटेलमालकांसाठी

कॉलेज रोड घ्या, इंदिरानगर घ्या, पाथर्डी फाटा किंवा नाशिकरोड घ्या, सगळीकडे एकच चूक दिसते. मालक आधी टेबलं बाहेर काढतो, मग वर छत टाकतो, मग दिव्यांच्या माळा लावतो. महापालिकेची गाडी दारात आली की अर्ज कुठे करायचा हे विचारत फिरतो. तोवर पैसे खर्च झालेले असतात. शिवाय जागेची पाहणी करायला आलेला अधिकारी अर्जाआधी उभं असलेलं छत बघतो आणि तसा शेरा मारतो. तो शेरा पुसायला जेवढा त्रास होतो, तेवढा आधी परवानगी घ्यायला होत नाही.

खालचा क्रम मिसळवाल्यापासून परमिट रूमपर्यंत सगळ्यांना लागू आहे. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्याला हात घालू नका.

## आधी एक गैरसमज दूर करा

“कोरोनात बाहेर बसवायला सांगितलं होतं की!” हे वाक्य अजूनही ऐकू येतं. ५ ऑक्टोबर २०२० पासून राज्यातली हॉटेलं निम्म्या क्षमतेने उघडली. गिऱ्हाइकांमध्ये अंतर ठेवायचं होतं. आतली जागा अर्धी झाली आणि मोकळ्या हवेत धोका कमी, म्हणून अनेकांनी बाहेर टेबलं मांडली. त्या काळातले आदेश आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ आणि साथरोग कायदा १८९७ यांच्या आधाराने निघालेले, तात्पुरते होते. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यातले निर्बंध उठले. निर्बंध गेले तसा त्यांचा आधारही गेला.

न्यूयॉर्कचं उदाहरण बरेच जण देतात. तिथे जून २०२० मध्ये शहराने हॉटेलांना फुटपाथवर आणि रस्त्याच्या कडेला टेबलं मांडू दिली, हे खरं आहे. पण २०२३ मध्ये तिथेही वेगळा कायदा झाला. आता परवाना लागतो, शुल्क लागतं, आणि रस्त्यावरची मांडणी एप्रिल ते नोव्हेंबर एवढीच चालते.

लक्षात ठेवा : त्या दोन वर्षांत कोणी हटकलं नाही, याला परवानगी म्हणत नाहीत. हातात तारीख, जावक क्रमांक आणि सही असलेला कागद नसेल, तर तुमच्याकडे काहीच नाही असं धरून पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करा.

## टप्पा १ : जागा कोणाची, हे कागदावर ठरवा

सगळं इथेच ठरतं, आणि नेमका हाच टप्पा घाईत उरकला जातो. “समोरची जागा आपलीच आहे” हे वाक्य मालक, भाडेकरू, सोसायटीचा अध्यक्ष असे तिघेही म्हणतात आणि तिघांच्या मनात वेगवेगळी रेषा असते.

पुढचे कागद काढा : मिळकत पत्रिका किंवा सातबारा, इमारतीचा मंजूर नकाशा, भोगवटा दाखला, घरपट्टीची चालू पावती, आणि भाड्याची जागा असेल तर भाडेकरार. मंजूर नकाशा मालकाकडे नसेल तर महापालिकेच्या नगररचना विभागात नक्कल मागा. तरीही मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, शुल्क दहा रुपये. नकाशाशिवाय पुढे जाऊ नका.

नकाशा हातात आला की तुमची जागा कोणत्या प्रकारात बसते ते पाहा.

प्लॉटच्या आतली मोकळी जागा, म्हणजे मार्जिन. ती मालकीची असते, पण तिचा वापर मालकाच्या मर्जीवर नसतो. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत इमारतीभोवती ठरावीक अंतर मोकळं सोडायचं असतं. उजेड, हवा आणि अग्निशमन दलाची गाडी यांच्यासाठी ते अंतर आहे. तिथे टेबल मांडायचं असेल तर नगररचना विभागाची लेखी संमती हवी. त्यांनी नकार दिला तर तो नकार माना. नकाशात जी जागा पार्किंग म्हणून दाखवली आहे तिचा तर विचारही करू नका, तक्रार झाली की पहिली कारवाई तिथेच होते.

पुढच्या मार्जिनबद्दल आणखी एक बघा. विकास आराखड्यात तुमच्या रस्त्याचं रुंदीकरण दाखवलं आहे का? असेल तर आज आत दिसणारी जागा उद्या रस्त्यात जाईल. तिथे फरशी आणि पक्का ओटा यांवर पैसे घालू नका.

सोसायटीची किंवा संकुलाची सामाईक जागा. अध्यक्षांनी तोंडी दिलेला होकार चालत नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव, त्याची इतिवृत्तातली नोंद आणि सही-शिक्क्याचं ना हरकत पत्र घ्या. पत्रात वेळ, टेबलांची संख्या आणि मुदत लिहून घ्या. पुढच्या वर्षी कार्यकारिणी बदलली की एवढा एकच कागद उरतो.

फुटपाथ आणि रस्ता. ही सार्वजनिक जागा आहे. तुमच्या दुकानासमोर आहे म्हणून तुमचा तिच्यावर काडीचाही जास्त हक्क नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३१ नुसार रस्त्यावर नियमबाह्य ठेवलेल्या वस्तू आयुक्त नोटीस न देताही उचलू शकतात. गणेशोत्सवात मंडपाला मिळते ती परवानगी उत्सवापुरती असते, रोजच्या धंद्याला ती लागू होत नाही. हातगाडीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे आणि त्यातले हक्क त्यांचे आहेत, शटरवाल्या हॉटेलाला त्याचा आधार घेता येत नाही. उलट, तुमच्या टेबलांमुळे प्रमाणपत्रधारक विक्रेत्याची जागा गेली तर तक्रारदार तो असेल, आणि त्याची बाजू खरी असेल.

नदीकाठ. गोदावरी किंवा नासर्डीच्या काठची जागा असेल तर निळी आणि लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या रेषा) नकाशावर तपासा. निळ्या रेषेच्या आत कसलंही बांधकाम नको, तात्पुरतंही नको. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं हे सगळं शहर बघत असतं. तेव्हा खुर्च्या उचलायला माणसं मिळत नाहीत.

तपासणी : “माझी टेबलं अमुक मालकीच्या जागेवर असतील आणि त्या जागेचा मंजूर वापर अमुक आहे” हे वाक्य कागद समोर ठेवून तुम्हाला पुरं करता आलं, तरच पुढे जा.

## टप्पा २ : मोजफीत आणि खडू

आर्किटेक्टकडे जाण्याआधी हे स्वतः करा. दुकान बंद असताना, सकाळी लवकर.

नकाशातली प्लॉटची हद्द जमिनीवर खडूने आखा. मग चौघांचं एक खरं टेबल मांडा आणि चार माणसं बसवा. चौघांनाही एकदम उठायला सांगा. खुर्च्या जिथपर्यंत मागे गेल्या तिथे खूण करा. अडीच फुटांचं टेबल साधारण सहा बाय सहा फूट जागा खातं, कारण खुर्ची मागे सरकते, बॅग लटकते, पाय बाहेर येतो. बहुतेकांच्या आराखड्यात फक्त टेबलाचं माप असतं. म्हणून कागदावर आठ टेबलं बसतात आणि प्रत्यक्षात पाचव्या टेबलाची खुर्ची फुटपाथवर जाते.

आता दोन टेबलांच्या मधून भरलेला ट्रे घेऊन माणूस चालवा. तीन फुटांपेक्षा कमी वाट ठेवू नका. मिसळीच्या ठिकाणी तर थोडी जास्तच ठेवा, कारण उकळता रस्सा भरलेली किटली घेऊन पोऱ्या दर दोन मिनिटांनी त्याच वाटेने जातो आणि बाकावरची लहान मुलं त्याच उंचीवर असतात. स्वयंपाकघर ते बाहेरचं टेबल ही वाट दुचाकींच्या वाटेला कुठेही छेदू नये. छेदत असेल तर मांडणी बदला.

फुटपाथला लागून बसत असाल तर चालणाऱ्याची वाटही मोजा. पादचारी सुविधांसाठीच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच अडथळामुक्त पट्टा सांगितला आहे. म्हणजे ढोबळमानाने सहा फूट रुंद आणि सव्वासात फूट उंच. विजेचा खांब, डीपी आणि झाडाचा पार वजा करून जे उरतं तेच माप धरा. व्हीलचेअरवरचा माणूस रस्त्यावर न उतरता तुमच्या दारासमोरून जाऊ शकला पाहिजे. हे माप मी कुणासाठीही सैल करणार नाही. आपल्याकडे फुटपाथ आधीच तुटक आहेत. म्हातारी माणसं रिक्षा-बसच्या बाजूने चालतात ती अशाच अडथळ्यांमुळे.

नेहमीची चूक : दुकानाचा बोर्ड, कुंड्या आणि “आज स्पेशल”ची पाटी मोजायचीच राहते. बाहेर ठेवली जाणारी प्रत्येक वस्तू मापात धरा.

## टप्पा ३ : फाईल तयार करा

वास्तुविशारदाकडून एकच, पण नीट आराखडा करून घ्या. त्यात प्लॉटची हद्द, रस्त्याची कड, प्रत्येक टेबल, चालण्याची वाट, बाहेर पडायचे मार्ग, अग्निशामक उपकरणं, झाडं, पावसाळी गटारांची झाकणं, विजेचे खांब हे सगळं दाखवा. जागेचे फोटो चारही बाजूंनी काढा, टेबलं न मांडता. फोटोवर तारीख हवी.

फाईलमध्ये पहिल्या टप्प्यातले कागद, हा आराखडा, अन्न परवान्याची प्रत, अग्निशमनाचा ‘ब’ नमुना (आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) आणि दुकाने-आस्थापना नोंदणी लावा. ‘ब’ नमुना दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून घ्यायचा असतो. मुदत संपलेला कागद लावलात तर अख्खी फाईल परत येते.

सोबत एका पानाचं पत्र जोडा : किती टेबलं, कोणत्या वेळेत, कसलं छत किंवा छत नाही, स्वयंपाक बाहेर होणार की नाही. “बाहेर बैठक व्यवस्था करण्याची परवानगी मिळावी” एवढंच मोघम लिहिलेला अर्ज टेबलाटेबलावर फिरत राहतो, कारण नक्की कशाला मंजुरी द्यायची हे कोणालाच कळत नाही.

## टप्पा ४ : अर्ज, कोणाकडे आणि कोणत्या क्रमाने

नाशिक महापालिकेचे सहा विभाग आहेत : पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर आणि नवीन नाशिक. तुमची जागा कोणत्या विभागात येते ते घरपट्टीच्या पावतीवरून पाहा. जागेच्या वापराचा प्रश्न नगररचना विभागाचा आहे, तो शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात सोडवायचा. विभागीय कार्यालयाला त्याची प्रत द्यायची.

आधी नगररचना, मग अग्निशमन, आणि त्यानंतर बाकीचे. अग्निशमन विभाग तुमच्या आराखड्यावर शेरा देतो, आणि जागेचा वापरच नाकारला गेला तर त्या शेऱ्याचा काही उपयोग राहत नाही. अन्न परवान्यातल्या जागेचा तपशील बदलणार असेल तर अन्न परवान्यांच्या फॉसकॉस (FoSCoS) या सरकारी पोर्टलवरून बदलाचा अर्ज करा.

परमिट रूमवाल्यांसाठी इशारा : राज्य उत्पादन शुल्क विभागाने मंजूर केलेल्या नकाशाबाहेर मद्य देणं हा वेगळा गुन्हा आहे. महापालिकेने टेबलांना होकार दिला तरी तिथे ग्लास ठेवता येत नाही. आधी उत्पादन शुल्क विभागाकडून नकाशा बदलून घ्या.

प्रत्येक अर्जाची पोच घ्या. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक दिसले पाहिजेत. अधिसूचित सेवांना २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत घातली आहे आणि मुदत उलटली तर अपील करता येतं. पोच नसेल तर अपील कशावर करणार? “साहेबांशी बोलणं झालंय” असं सांगणाऱ्या मध्यस्थाकडे पैसे देऊ नका. त्याच्या बोलण्याला आवक क्रमांक नसतो.

## टप्पा ५ : छत, वीज, आग

मंजुरी हातात आल्यावरच खरेदी.

छताबद्दल माझं मत स्पष्ट आहे : शक्यतो घालू नका. छत्र्या वापरा, रात्री मिटून आत न्या. पत्र्याचं किंवा पॉलीकार्बोनेटचं कायम छत आलं की ते बांधकाम ठरतं आणि त्याला वेगळी मंजुरी लागते. गच्चीवर तर जास्तच जपा. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलमधल्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ जण गेले. बांबू, कापड, ताडपत्री यांच्या आच्छादनाने आग किती वेगाने पसरते हे तिथे दिसलं. थंडीत नाशिकचा पारा दहा अंशांखाली येतो तेव्हा शेकोटी आणि गॅस हीटर ठेवायचा मोह होतो. कापडी छताखाली दोन्ही नकोत.

वीज : महावितरणकडचा मंजूर भार पुरतो का ते आधी बघा. बाहेरच्या लाइनला वेगळा अर्थ लीकेज ब्रेकर (गळती झाली की वीज तोडणारा), ३० मिलीअँपिअरचा, बसवा. जोड जमिनीवर ठेवू नका, कारण टेबलं धुतात ते पाणी तिथूनच जातं. झाडाला खिळे ठोकून माळा लावू नका. झाडाची फांदी छाटायची असेल तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

गॅस : व्यावसायिक सिलेंडर १९ किलोचा. घरगुती १४.२ किलोचा वापरणं बेकायदा आहे, हे माहीत असूनही बाहेरच्या चहाच्या शेगडीला तोच जोडलेला दिसतो. गिऱ्हाईक बसतं तिथे शेगडी ठेवूच नका.

पावसाळी गटाराच्या झाकणावर लाकडी ओटा बांधू नका. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी तुमच्याच दुकानात शिरतं आणि साफ करणाऱ्याला झाकण सापडत नाही.

तपासणी : रात्री सगळे दिवे लावा, सगळी टेबलं भरलेली आहेत असं समजा, आणि मुख्य वाट बंद करून माणसं दुसऱ्या वाटेने बाहेर काढून बघा.

## टप्पा ६ : रांग आणि गाड्या

याकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही, आणि बहुतेक तक्रारी इथूनच येतात.

टेबलं हद्दीच्या आत असतात, मापं बरोबर असतात, कागद पुरे असतात. तरी रविवारी सकाळी दहाला हॉटेलासमोरून चालता येत नाही. कारण नंबर लावून उभी असलेली तीस-चाळीस माणसं फुटपाथवर आणि त्यांच्या दुचाकी रस्त्यावर तिरप्या. शेजारच्या दवाखान्याच्या दारात गाडी लावून मिसळ खायला गेलेल्या माणसाचा राग दवाखानेवाला तुमच्यावरच काढणार, आणि बरोबरच आहे.

म्हणून थांबायची जागा आराखड्यातच दाखवा. ती तुमच्या हद्दीत हवी. त्यासाठी एक टेबल कमी करावं लागलं तरी करा. नाव आणि मोबाइल नंबर लिहून घ्या, नंबर आला की फोन करा, म्हणजे लोक दारात दाटी करत नाहीत. शनिवार-रविवारी गाड्या लावायला एक माणूस नेमा आणि त्याला एवढंच काम द्या. गल्ल्यावरून उठून मध्येच शिट्टी मारणाऱ्या मॅनेजरने हे जमत नाही.

## टप्पा ७ : रोजची शिस्त

रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा देशभरचा नियम आहे. दिवसाची मर्यादा निवासी भागात ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र. कॉलेज रोडवर खाली हॉटेल आणि वर घरं अशी रचना बरीच आहे, तिथे बाहेर स्पीकर लावूच नये. वरच्या मजल्यावरच्या मंडळींना तुमचा फोन नंबर देऊन ठेवा. त्यांनी तुम्हाला फोन केला तर महापालिकेला करणार नाहीत.

अन्न उघडं ठेवू नका. रस्त्याच्या धुळीत चटणी-कांद्याचे डबे झाकणाचेच हवेत. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि तिचं प्रमाणपत्र फाईलमध्ये. ओला-सुका कचरा वेगळा करून घंटागाडीतच द्या. बंदी असलेले प्लास्टिकचे चमचे, पेले, थर्माकोलच्या ताटल्या बाहेरच्या टेबलांवरच जास्त दिसतात, तेही बंद करा.

दुकान बंद करताना रिकाम्या जागेचा एक फोटो काढा. सगळं आत गेलं याचा रोजचा पुरावा तयार होतो.

## महापालिकेचं पथक आलं तर

वाद घालू नका आणि व्हिडिओ काढत अंगावर जाऊ नका. मंजुरीपत्र आणि मंजूर आराखडा प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये गल्ल्याजवळ ठेवा, मालक गावाला गेला तरी मॅनेजरला तो सापडला पाहिजे. सामान उचललं तर वस्तूंची यादी आणि पावती मागा. खरंच एखादी खुर्ची रेषेबाहेर असेल तर लगेच आत घ्या आणि तसं सांगा. मग शांतपणे विभागीय अधिकाऱ्यांना लेखी खुलासा द्या, सोबत रोजचे फोटो.

## गल्लीने मिळून मागायचं असेल तर

एकट्या हॉटेलाला फुटपाथ मागता येत नाही. पण एखादी गल्ली ठरावीक दिवशी, ठरावीक वेळेत वाहनांना बंद करून चालणाऱ्यांसाठी खुली करा, असं सगळ्यांनी मिळून शहराकडे मागता येतं. पुण्यात लक्ष्मी रोडवर पादचारी दिनाला असं होतं. कोरोनाने मोकळ्या जागेची किंमत आपल्याला दाखवली. ती मागायची ही सरळ वाट आहे आणि ती नाशिकमध्ये वापरली जावी असं मला मनापासून वाटतं.

प्रस्ताव आयुक्तांच्या नावे, प्रत शहर वाहतूक पोलिसांना. त्यात रहिवाशांच्या सह्या हव्यात, फक्त दुकानदारांच्या नकोत. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी कुठून जाईल, पर्यायी रस्ता कोणता, गाड्या कुठे लागतील, कचरा कोण उचलेल, पथविक्रेते कुठे बसतील हे लिहा. कायमची मागणी करू नका, मोजक्या रविवारांची चाचणी मागा. चाचणीत वाहतूक आणि तक्रारींची नोंद तुम्हीच ठेवा आणि ती जोडून पुढची मागणी करा.

तारखा निवडताना सिंहस्थ डोळ्यांपुढे ठेवा. नाशिकची अमृत स्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला आहेत. त्या काळात पंचवटी, रामकुंड, रविवार कारंजा, शालीमार या भागांत एकही फूट रस्ता अडवायची मागणी करू नका, आणि मार्जिनमधली मंजुरी असली तरी बंदोबस्तात टेबलं आत घ्यावी लागतील असं धरून चाला. मंजुरीपत्रावरची मुदत त्या महिन्यांत संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज मे महिन्यातच देऊन टाका.